दहा घनमीटर चूक, दहा हजार लिटर बरोबर!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पुरंदर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवते. मध्यंतरी ‘नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन’ या विषयावरच्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेला नववीच्या तीन मुलींना घेऊन गेले होते. आयोजकांचे नाव लिहीत नाही. माणसे अगत्याची होती, जेवणही चांगले होते. माझी तक्रार त्यांच्या नियमपत्रकाबद्दल आहे, आणि अशी पत्रके सगळीकडे एकमेकांवरून उतरवलेली असतात, म्हणून हे जाहीर पत्र.

चौथ्या फेरीत प्रश्न आला : एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी पडले? आमच्या संघातल्या मधल्या मुलीने बझर दाबला आणि म्हणाली, “दहा घनमीटर.” सूत्रसंचालकांनी हातातले कार्ड पाहिले. “चूक. उणे पाच.” प्रश्न शेजारच्या संघाकडे गेला, त्यांनी “दहा हजार लिटर” सांगितले आणि टाळ्या पडल्या. कार्डावर तेच छापलेले होते.

मी जागेवरच उभी राहिले. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, त्यावर मीटरचा हजारावा भाग उंचीचे पाणी, म्हणजे दहा घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर. दोन्ही उत्तरे एकच आहेत, हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले (सत्तावीस वर्षांनी शिक्षिकेचा आवाज जितका हळू होऊ शकतो तितक्या). परीक्षकांपैकी एकाने मान डोलावल्यासारखीही वाटली. पण संयोजकांनी पत्रक पुढे केले : ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, त्याबाबत कोणतीही हरकत विचारात घेतली जाणार नाही.’ खाली माझीच सही होती.

आम्ही पाच गुणांनी हरलो असतो तर हे पत्र रडीचा डाव ठरले असते. आम्ही चाळीस गुणांनी हरलो. तेव्हा निकालाबद्दल माझे काही म्हणणे नाही.

म्हणणे आहे ते मापांबद्दल. पाणी आपल्याकडे एका मापाने मोजले जातच नाही. नदीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), धरणातले टीएमसीत, टँकरचे लिटरमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि आमच्या विहिरींची खोली अजूनही परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, घनमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे २.८३ कोटी. एका मापातून दुसऱ्यात जाता येणे हा या विषयाचा अर्धा अभ्यास आहे. ज्या मुलीला ते जमले तिचे गुण कापायचे आणि जिने पुस्तिकेतला आकडा पाठ केला तिला द्यायचे, हे व्यवस्थापनाच्या स्पर्धेत तरी शोभत नाही. ‘समान किमतीचे उत्तर कोणत्याही मान्य एककात ग्राह्य धरले जाईल’ एवढे एक वाक्य पत्रकात घालायला कितीशी शाई लागते?

अंतिम निर्णयाच्या नियमामागची अडचण मला कळते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची कामे मीही केली आहेत. सभागृह पाचपर्यंतच मिळालेले असते, पाहुणे चार वाजल्यापासून घड्याळ पाहत असतात आणि प्रत्येक शाळेचे सर वाद घालायला उठले तर बक्षिसे वाटायला रात्र होईल. पण फेरी संपल्यावर दहा मिनिटांत, लेखी, फक्त संघाबरोबरच्या शिक्षकाने आणि आधारासह हरकत घ्यायची, एवढी फट ठेवता येते. मात्र त्यासाठी आयोजकांच्या उत्तरालाही आधार हवा, आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो. त्याच स्पर्धेत ‘भारतात रामसर स्थळे (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) किती?’ असा प्रश्न होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ७५ होती, ऑगस्ट २०२४ मध्ये ८५ झाली. ही यादी वाढत राहते. मुलांनी कोणत्या तारखेची पाठ करायची, ते पत्रकात कुठेच नव्हते. त्यापेक्षा नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ का झाले, तिथे पाणी अडले कशामुळे आणि पक्षी आले कशासाठी, हे विचारले असते तर उत्तर पुढच्या वर्षीही शिळे झाले नसते.

भाषेचे तर विचारूच नका. प्रश्न आधी इंग्रजीत काढले होते आणि मग कोणीतरी शब्दकोश घेऊन बसले होते. ‘जलविभाजक विकासाचे टप्पे सांगा,’ असा एक प्रश्न. आमच्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. भूगोलात जलविभाजक म्हणजे दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा. त्याचा विकास कसा करणार? विचारायचे होते ते पाणलोट क्षेत्र विकासाबद्दल. पाणलोट हा शब्द आमच्या गावातल्या निरक्षर आजीलाही ठाऊक आहे. माथा ते पायथा म्हणजे काय, सलग समतल चर कुठे घ्यायचे, नालाबांध आधी की पाझर तलाव आधी, हे त्या मुलींनी डोंगरावर चढून पाहिलेले आहे. मराठी माध्यमाच्या स्पर्धेचे प्रश्न मराठीतच काढावेत आणि गावात काम केलेल्या कोणाला तरी एकदा वाचून दाखवावेत, एवढेच मागणे.

आता वेळेबद्दल. प्रश्नाला दहा सेकंद आणि जो आधी बझर दाबेल त्याचा. ‘राज्यप्राणी कोणता?’ याला दहा सेकंद पुष्कळ झाले. पण ‘चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर तीन हेक्टर शेतावर किती पाणी पडले?’ याला कागद आणि दोन मिनिटे द्या, आणि सगळ्या संघांना एकदमच लिहू द्या. उत्तर एक कोटी वीस लाख लिटर आहे. ते काढल्यावर मुले आपोआपच पुढचा प्रश्न विचारतात, की एवढे पडले तर मग विहीर कोरडी का? तिथून मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण या जमिनीखालच्या थरांची गोष्ट सुरू होते. उणे गुणांमुळे मात्र उलटेच होते. पहिल्यांदा बझर हाती आलेली मुले पहिल्याच उणे पाचनंतर हात मांडीवर ठेवून बसतात. आमच्या शेजारचा एक संघ दुसऱ्या फेरीनंतर शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

जो नियम मला सर्वांत जास्त खटकला तो पत्रकात लिहिलेलाच नव्हता. तीन जणांचा संघ म्हणायचे, पण उत्तर कोणीही एकाने दिले तरी चालते. त्यामुळे बहुतेक संघांत एक पाठांतरवीर मध्ये आणि दोघे आजूबाजूला शोभेला. आमच्याच तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावात देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली, तिथे पाणी अडवून दाखवले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. खर्चातला वीस टक्के वाटा लाभार्थ्यांचा. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. माझी आई त्या दुष्काळात नालाबंडिंगच्या कामावर होती. पुढे हे नियम ऐकले तेव्हा “जमीन नसलेल्यालाबी पाणी?” असे तिने वडिलांना दोनदा विचारल्याचे ती सांगायची. स्पर्धेत पाणी पंचायतीवर प्रश्न होता, पण तो संस्थापकाचे नाव विचारण्यापुरता. नियमांबद्दल कोणी काही विचारले नाही. माझे म्हणणे असे की प्रश्नसुद्धा माणशी वाटा. एका फेरीत तिघांनीही एकेक उत्तर द्यायचे, मदत घ्यायची नाही. मधल्या पाठांतरवीराची मक्तेदारी तेवढ्याने मोडेल.

आणि एक फेरी आपल्या गावाची ठेवा. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरतात, हे आता पाठ्यपुस्तकापुरते राहिलेले नाही. कोणत्याही शाळेला सरळ बाजूंची बरणी, मोजपट्टी आणि एक वही एवढ्यावर पर्जन्यमापक करता येतो. संघांनी पावसाळाभर नोंदी ठेवाव्यात. गावात विहिरी किती, बोअर किती, अंजीर-सीताफळाला किती पाणी लागले, वाटाण्याला किती, याचा एका पानाचा ताळेबंद घेऊन यावा आणि परीक्षकांनी त्यावरच प्रश्न विचारावेत. उत्तरे कार्डावर छापता येणार नाहीत, ही अडचण आहेच. परीक्षकांना ऐकावे लागेल. गुणांना फाटे फुटतील, कोणी वडिलांकडून ताळेबंद लिहून आणील. पण आपल्या तालुक्यातले नाझरे धरण भरले की आपल्या शिवाराला त्याचा काय उपयोग, हे सांगता न येणारा संघ या विषयात पहिला यावा, हे मला पटत नाही.

परतीच्या एसटीत ती मधली मुलगी जेजुरीपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “बाई, माझं चुकलं कुठं?” मी म्हटले, कुठेच नाही. तिला ते पुरले नसावे. दोन दिवसांनी तिने घरून बांबूच्या बारा काठ्या आणल्या, प्रत्येक बरोबर एक मीटरची, आणि कोपरे सुतळीने बांधून एक घनमीटरची चौकट उभी केली. गच्चीवरची काळी टाकी हजार लिटरची आहे. ती चौकट आणि ती टाकी यांत सारखेच पाणी मावते, हे तिने पाचवीच्या मुलांना वर नेऊन समजावले. बिनबझरचे.

चौकट सध्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आहे. पुढच्या वर्षीचे पत्रक छापण्याआधी आयोजकांपैकी कोणाला येऊन मोजून पाहायचे असेल तर शाळा साडेदहाला भरते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
ता. पुरंदर, जि. पुणे