दोन महिन्यांत पोरगं तयार होत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं फैजपूरला मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार भरायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. सगळा केळीचा पट्टा, त्यामुळे फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आम्हाला बसायला फुरसत नसते. लाइट कमीजास्त झाली की पाणबुडी मोटारी जळतात आणि शेतकरी रात्री अकरालाही ट्रॅक्टर घेऊन दारात उभा असतो, कारण ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी तुटलं तर वर्षाची मेहनत गेली. अशाच एका एप्रिलमध्ये ओळखीच्या मास्तरांनी एका पोराला माझ्याकडे आणलं. बालगृहातून नुकताच बाहेर पडलेला, अठरा पूर्ण, बारावीची परीक्षा दिलेली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

एक रेक्झिनची बॅग आणि प्लास्टिकच्या फायलीत कागद, एवढंच सामान. पहिल्या दिवशी दुपारचे दोन वाजले, कारागीर जेवून आले तरी हा स्टुलावर तसाच बसलेला. म्हटलं अरे जेवला का नाही, तर म्हणे, दादा, जेवायला जा असं कोणी सांगितलंच नाही. बारा वर्षं घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की ताट घ्यायचं, मग त्याला वेगळं काय सुचणार? एक तारखेला पगार हातात दिला तर निम्म्या नोटा परत माझ्यापुढे ठेवल्या, म्हणे तुमच्याजवळ ठेवा, मला काय कितीला येतं ते कळत नाही. साबण, तेल, पेस्ट सगळं त्याला संस्थेत मिळायचं, दुकानात जाऊन त्याने कधी काही घेतलेलंच नव्हतं.

आणि हात मात्र असा की विचारू नका. दीड महिन्यात स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात, कॉइल भरायला लागला, तारेचे वेढे मोजायला चुकत नाही, कनेक्शन झालं की मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय मोटार परत जोडत नाही. माझा जुना कारागीरसुद्धा म्हणाला हे पोरगं चार वर्षं आधी भेटलं पाहिजे होतं. तेच वाक्य माझ्या डोक्यात बसलं, म्हणून हे पत्र.

कामाचं जमलं, पण बाकीच्याने त्याला रडवलं. रूम शोधायला गेलो तर घरमालक पहिलं विचारतो, वडील काय करतात, गाव कोणतं, आडनाव काय. तीन ठिकाणी नाही म्हणाले, चौथ्या ठिकाणी मी स्वतः हमी घेतली आणि डिपॉझिट भरलं तेव्हा खोली मिळाली. बँकेत खातं उघडायला गेलो तर आधारवर पत्ता संस्थेचा, जिथून तो बाहेर पडला आहे, आणि मोबाईल नंबर कोणातरी जुन्या कर्मचाऱ्याचा जोडलेला, त्यामुळे ओटीपी त्या नंबरवर. तो कर्मचारी बदली होऊन गेलेला. या एका गोष्टीत आमचे सात आठवडे गेले, सीझन सोडून मी चार चकरा मारल्या. ज्याच्या मागे चकरा मारणारं कोणीच नसेल त्याने काय करायचं? एका संध्याकाळी सेतू केंद्राच्या पायरीवर बसून तो मला अहिराणीत म्हणाला, ‘दादा, आते मी कथा जाऊ?’ म्हणजे आता मी कुठे जाऊ? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी चौकशी केली, मास्तरांनी कागद दाखवले, तेव्हा कळलं की कायद्यात सगळं लिहिलेलं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत द्यायची तरतूद आहे. नियमांमध्ये 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, खास परिस्थितीत 23 पर्यंत, सहा ते आठ जणांनी मिळून राहायची सोय, ट्रेनिंग चालू असताना स्टायपेंड, सतत संपर्कात राहणारा समुपदेशक, धंदा टाकायचा असेल तर कर्जाची व्यवस्था, हे सगळं आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलांना दर महिना 4000 रुपये आहेत. आपल्या राज्याने 2018 मध्ये अनाथ मुलांना नोकरीत आणि शिक्षणात 1 टक्का समांतर आरक्षणसुद्धा दिलं, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते संस्थेत असतानाच हातात पडलेलं बरं, नंतर पोरगं एका गावाला आणि फाइल दुसऱ्या गावाला. माझ्या पोराला यातली एकही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. संस्थेतल्या लोकांनी त्याला वाईट वागवलं असं तो कधी म्हणत नाही, उलट दिवाळीला आवर्जून भेटायला जातो. तिथे माणसं कमी आणि मुलं जास्त, हे मलाही दिसतं.

पण नियमातली एक गोष्ट मला पटली नाही. बाहेर पडल्यानंतरचा आराखडा मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असं आहे. साहेब, दोन महिन्यांत माझ्याकडे आलेलं पोरगं नीट कॉइल भरायला लागलं तरी मी खूश होतो, आणि हा आयटीआयचा ट्रेड आहे, वायरमन, इलेक्ट्रिशियन, फिटर सगळे दोन-दोन वर्षांचे कोर्स आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षी, दहावी झाल्या झाल्या ठरलं तरच अठराव्याला हातात सर्टिफिकेट येणार. संस्थेत प्रत्येक मुलाचा व्यक्तिगत काळजी आराखडा करतातच, त्यात नववीपासूनच हे घ्या की पोराचा कल कशाकडे आहे, आधारला नंबर कोणाचा आहे, दाखले कुठे अडकलेत, स्वतःच्या नावाचं खातं आहे का. बाजाराच्या दिवशी दोनशे रुपये देऊन भाजी आणायला पाठवा, हिशोब मागा, चुकू द्या. आपल्या घरची पोरं असंच शिकतात ना? सुट्टीत दुकानं, वर्कशॉप, बघायला आणा, काम करायला नको, नुसतं बघायला. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आहे, चटई आहे, डाळ मिल आहेत, भुसावळला रेल्वे आहे, आमच्याकडे केळीचं पॅकिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे, नंदुरबारला मिरचीचा व्यापार आहे. या मुलांनी यातलं काहीच आतून पाहिलेलं नसतं, मग काय व्हायचंय विचारलं की सगळे पोलीस नाहीतर शिक्षक म्हणतात, कारण रोज तेवढीच माणसं दिसतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावीवाल्याला 6000, आयटीआयवाल्याला 8000 विद्यावेतन ठरवलं, अशा ठिकाणी या मुलांचा अर्ज अठरा पूर्ण होताच, संस्थेतून निघायच्या आत भरून घ्या, सगळे कागद समोर असतात तेव्हा. मुलींचं तर अजून अवघड आहे. चांगलं स्थळ बघून लग्न लावून दिलं की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं, तिला नर्सिंग करायचं होतं का, टॅली शिकायचं होतं का, हे विचारायचं राहूनच जातं. अठराव्या वर्षी कमाई नाही आणि माहेरही नाही, त्या मुलीने सासरी कशाच्या जोरावर बोलायचं?

आमच्यासारख्या धंदेवाल्यांनाही सांगतो, दरवर्षी आपण संस्थेत जाऊन वाढदिवसाला जेवण देतो, फोटो काढतो, ते चालू ठेवा, पण एका पोराच्या खोलीची हमी घ्या. मला आजपर्यंत त्या हमीचा एक रुपया भरावा लागलेला नाही.

माझं पोरगं आता वीस वर्षांचं आहे. गेल्या सीझनला रात्रीची शिफ्ट त्यानेच सांभाळली, गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन विचारतं. आयटीआयला वायरमनला नंबर लागलाय, दिवसा कॉलेज, संध्याकाळी दुकान. म्हणून दिवाळीनंतर माझ्याकडे अजून एक जागा होते. यावल-रावेर भागातल्या कुठल्याही संस्थेचे अधीक्षक किंवा बाल संरक्षण कक्षातलं कोणी हे वाचत असेल तर निरोप द्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सुट्टीत दुकान बघायला घेऊन या. जो रमेल त्याच्यासाठी ती जागा मी त्याचे अठरा पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवतो, खोलीची हमी माझी.

आपला,
एक मोटार रिवायंडर
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव