मिलोसचा दगड

आदामास, मिलोस बेट, ग्रीस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

निघताना तू एकच मागितलं होतंस, "आई, तिथला एक दगड आण." तो आणत नाहीये. का, ते सविस्तर सांगते.

काल उजाडता उजाडता इथल्या साराकिनिकोच्या किनाऱ्यावर गेलो. ऊन चढलं की तिथे डोळे उघडवत नाहीत, सावलीला झाड नाही. कातळ म्हणजे काळा, हे आपल्या डोळ्यांत बसलेलं. इथला पांढराशुभ्र, वाऱ्यालाटांनी घासून सायीच्या घड्यांसारखा झालेला. मधून समुद्राची चिंचोळी पट्टी आत येते आणि तिच्या टोकाला जेमतेम ओंजळभर पुळण. मी चपला काढून चालले. पायाखाली खडूचा स्पर्श होता.

हरिश्चंद्रगडावर तू कोकणकड्याचे थर मोजत बसली होतीस, आठवतं? तो बसाल्ट, लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात सिलिका, म्हणजे लाव्हाला घट्ट करणारं वाळूतलं द्रव्य, कमी, म्हणून लाव्हा पातळ होता आणि दूरवर वाहत गेला. इथे उलट. आफ्रिकेची भूपट्टी एजियन समुद्राखाली सरकते, खोल गेल्यावर तिच्यातलं पाणी सुटतं आणि वरचा खडक वितळू लागतो. तो वर येईपर्यंत सिलिकेने घट्ट झालेला असतो, वायू आत कोंडतात आणि स्फोट होतो. ती राख आणि प्युमिस, म्हणजे हलका सच्छिद्र दगड, समुद्रतळाशी थराथराने बसली, मग तळच वर उचलला गेला. मी त्या तळावर उभी होते, मनू! कितीतरी वेळ पाय हलेना.

दुपारी इथल्या खाण संग्रहालयात ऑब्सिडियन पाहिला, ज्वालामुखीची काळी काच. धारदार पात्यांसाठी माणसं तो दहा हजार वर्षांहूनही आधी होडीतून दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजपर्यंत नेत होती. तिथल्या फ्रांख्थी गुहेत मिलोसचे तुकडे सापडलेत. त्यांना त्याची गरज होती.

साराकिनिकोचा एक खडा मीही उचलला होता. अंगठ्याने नुसता चोळला, तर पांढरी भुकटी बोटाला लागली. इतका मऊ कातळ, आणि त्यावर रोज एवढी माणसं चालतात. माझ्याच्याने तो पिशवीत टाकवेना. पुळणीच्या उजव्या अंगाला, दहा-बारा पावलांवर एक खळगा आहे, तिथेच परत ठेवला.

तुझी परीक्षा झाली की तिघं मिळून येऊ. पहाटेच जाऊ.

तुझी,
आई