संपादकाचाच लेख आला तर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य संशोधन-जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली आणि जर्नल पारखायचे काम संस्थांवर आले. बडोद्यातल्या प्राध्यापकांनी ते करताना आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी) क्रमांक आणि संपादक मंडळावरची मोठी नावे पाहून थांबू नये. संपादकाने स्वतःच्याच जर्नलमध्ये लेख छापला असेल, तर तो कोणी हाताळला हे खाली लिहिले आहे का, ते पाहावे.

संपादकाने लेख देणे गैर नाही. घोटाळा लॉगिनमध्ये असतो. ऑनलाइन प्रणालीत संपादकाला सगळेच दिसते : लेख तपासणारा समीक्षक कोण, त्याने कोणता शेरा मारला, कधी मारला. ‘निर्णयात मी नव्हतो’ एवढ्याने भागत नाही. त्या लेखापुरता त्याचा प्रवेश बंद करून फाइल सहसंपादकाकडे द्यावी लागते. सहसंपादक त्याच्याच विभागात हाताखाली असेल तर तोही बाद. मग बाहेरचा अतिथी संपादक नेमावा.

समीक्षक निवडताना एकच संस्था, मार्गदर्शक-विद्यार्थी नाते आणि अलीकडचे सहलेखन या तीन गोष्टी तपासाव्यात. ‘अलीकडचे’ म्हणजे किती, हे नियमावलीत छापलेले हवे. अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन अनुदान-अर्जांसाठी ४८ महिन्यांतले सहलेखक विचारते. आपल्याकडे छोट्या विषयांत लेखक आणि समीक्षक एकाच पंगतीला जेवतात. अशा वेळी लेख सरळ पुण्या-कोल्हापूरकडे पाठवावा. लेखकाने सुचवलेल्या समीक्षकाचा ई-मेल पत्ता मात्र जसाच्या तसा घेऊ नये, तो बनावट असू शकतो; विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून शोधावा. बायोमेड सेंट्रल या जर्नल-प्रकाशकाला २०१५ मध्ये बनावट समीक्षणांपायी ४३ शोधनिबंध मागे घ्यावे लागले होते.

राहता राहिली लेखाखालची ‘हितसंबंध नाहीत’ ही ओळ. ती बहुधा जुन्या लेखातून चिकटवलेली असते. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा (आयसीएमजेई) फॉर्म सविस्तर विचारतो : या लेखासाठी मिळालेली मदत कितीही जुनी असो, सांगायची, बाकी मानधन, शेअर, पेटंट, प्रवासखर्च मागच्या ३६ महिन्यांतले. एखाद्या औषध कंपनीने विमानाचे तिकीट काढले असेल तर तेही त्यात येते. नोंद केली म्हणजे गुन्हा कबूल केला असे नव्हे, हे लेखकांना समजावून सांगावे लागते.

आणि लपवलेला संबंध छापल्यावर उघड झाला, तर पीडीएफ गुपचूप बदलू नये. आधी लेखकाकडून लेखी खुलासा घ्यावा, मग तारीख घालून दुरुस्ती मूळ लेखाला जोडावी. निष्कर्षावरच शंका येत असेल तर लेख मागे घ्यावा.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे