एफडी मोडण्याआधी गाडीचा हिशेब

इंदूर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, एफडी मोडून साडेसहा लाख देतो, एक साधी पेट्रोल गाडी घे, रोज बसमध्ये उभा राहून जाऊ नकोस. पेट्रोलला असे लागून किती लागणार, महिन्याला चार-साडेचार हजार. पेट्रोलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. पण गाडीच्या एकूण खर्चात पेट्रोल तिसरा हिस्साही भरत नाही. बाकीचा खर्च रोज खिशातून जात नाही, म्हणून कोणी मोजत नाही. तो सगळा मांडून पाठवतो आहे. तुम्ही नेहमीसारखे एकेक आकडा तपासा, तोवर एफडीला हात लावू नका.

घर ते काम, म्हणजे राजेंद्र नगर ते विजय नगर, हे ए. बी. रोडने साधारण 12 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 24. महिन्याला 24 दिवस कामाचे धरले तर वर्षाला 6,912 किलोमीटर होतात. कंपनी जाहिरातीत 22-24 चं ॲव्हरेज सांगते, ते चाचणीच्या रोलरवरचं असतं. भंवरकुआं, नवलखा, पलासिया अशा सिग्नलमधून जाताना 14 मिळालं तरी चांगलं म्हणायचं. याचं कारण साधं आहे. गाडी उभी असताना इंजिन आणि एसी चालू राहिले की तासाला पाऊण ते एक लिटर जळतं आणि पुढे एक मीटरही जाणं होत नाही. शिवाय रांगेत प्रत्येक वेळी पहिल्या गिअरमध्ये उचलायची आणि पुन्हा ब्रेक मारायचा, यात कमावलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत जातो. 14 च्या हिशेबाने वर्षाला 494 लिटर. लिटरला 106 रुपये धरले तर 52,300.

देखभालीत सर्व्हिसिंगचे 7,000. चार टायर 18,000 ला येतात आणि 40,000 किलोमीटर चालतात, म्हणजे किलोमीटरला 45 पैसे, वर्षाचे 3,100. बॅटरी 5,000 ची, चार वर्षं टिकते, म्हणजे 1,250. क्लच प्लेटचे मी किलोमीटरला 20 पैसे धरले आहेत, कारण गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवली की ती लवकर झिजते, त्याचे 1,400. देखभालीचे मिळून 12,700. पार्किंगचे महिन्याला 500, वर्षाचे 6,000. विमा 14,000. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, 1,000 सीसीपर्यंत 6,521 आणि 1,500 सीसीपर्यंत 10,640 रुपये हे 2022 चे दर आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षी विम्याचा आकडा फुगलेला दिसतो, पुढची दोन वर्षं फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा भरायचा असतो.

आता घसारा, म्हणजे गाडीची वर्षागणिक उतरणारी किंमत. तुम्ही पेढीच्या वहीत तो दरवर्षी टाकता, पण स्वतःच्या गाडीला कोणी टाकत नाही. विमा कंपन्यांचं कोष्टकच बघा: गाडीची विम्यासाठीची किंमत एक वर्षाच्या आत 15 टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50 टक्क्यांनी उतरते. बाजारात काही मॉडेल जरा जास्त टिकतात, काही आणखी पडतात. साडेसहा लाखांची गाडी पाच वर्षांनी सव्वातीन लाखांना गेली असं धरू. वर्षाचा घसारा 65,000, पेट्रोलपेक्षाही जास्त. आणि तो गाडी दारात उभी असली तरी चालूच असतो.

त्यात एफडीचं व्याज. पाच वर्षांत गाडीत सरासरी 4,87,500 रुपये अडकतात. ज्येष्ठ नागरिकांना मिळणाऱ्या अर्ध्या टक्क्यासकट 7 टक्के धरले तर वर्षाला 34,100 बुडाले. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच. जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात.

बेरीज 1,84,100. महिन्याला 15,300, किलोमीटरला साडेसव्वीस रुपये.

आता बस. बसचे एका बाजूचे 25 आणि घरापासून थांब्यापर्यंत ई-रिक्षाचे 10, असे दिवसाचे 70 धरले तर महिन्याचे 1,680. आई, रात्री उशीर झाला तर काय, या तुझ्या प्रश्नासाठी महिन्यातून चार वेळा ॲपवरच्या टॅक्सीचे 250 प्रमाणे 1,000 यातच घातले आहेत. एकूण 2,680, वर्षाचे 32,160. मासिक पास काढला तर आणखी खाली येतं. पण पास घेताना एक बघायचं, तो कोणत्या मार्गांवर आणि कोणत्या बसमध्ये चालतो. सिटी बसचा पास मॅजिक (शेअर व्हॅन) किंवा ई-रिक्षात चालत नाही, तिथे सुट्टे पैसेच लागतात.

पैशांत बस इतकी पुढे असली तरी वेळेत ती मागे आहे, हेही लिहायला हवं. 2013 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस सुरू झाला तेव्हा आय-बसला स्वतःची लेन होती. शेजारी गाड्या अडकलेल्या असल्या तरी बस निघून जायची. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढायला सुरुवात झाली. लेन गेली की बसही त्याच गर्दीत आली. मला हा निर्णय पटलेला नाही. बसमध्ये गाडीच्या कितीतरी पट माणसं असतात, त्यांना रस्त्याची एक पट्टी देणं जास्त नव्हतं. आता गाडीने 40-45 मिनिटं लागतात, तर बसने थांब्यावरची वाट धरून तास-सव्वातास. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली, पण सुपर कॉरिडॉरवरच्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात पाच स्थानकांपुरती. ठरलेला वर्तुळाकार मार्ग विजय नगरवरून जाईल खरा, पण राजेंद्र नगरकडे येत नाही. म्हणून तिच्या भरवशावर काही ठरवायचं नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा उरतो: दिवसाचा तासभर वाचवायला महिन्याला 12,600 जास्त द्यायचे का? तासाला 525 रुपये पडले, आणि गाडीतला सगळा वेळ चाक धरून बसण्यातच जाणार. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर निदान वाचता येतं. मला हा सौदा महाग वाटतो.

स्कूटरचाही हिशेब केला, कारण तुम्ही लगेच विचाराल. 45 च्या ॲव्हरेजने पेट्रोल 16,300, सर्व्हिसिंग 4,500, टायरला 1,000, विमा 2,000, घसारा 8,750, व्याज 4,200. वर्षाचे 36,750, म्हणजे बसच्या जवळपास. पावसाळ्यातले बस-टॅक्सीचे दिवस वरून. निव्वळ पैशांत बस आणि स्कूटर यांत फार फरक नाही, वेळेत स्कूटर सरस. पण ए. बी. रोडवर संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या बस आणि ट्रक यांच्यामधून रोज 24 किलोमीटर चालवायची, ही जोखीम रुपयांत बसत नाही. तुमची सून म्हणते, स्कूटर राजेंद्र नगरातल्या कामांपुरती ठेवू. मलाही तेच योग्य वाटतं.

जुनी गाडी घेतली तर? तीन लाखांची पाच वर्षं वापरलेली, चार वर्षांनी 1,80,000 ला विकली, तर घसारा 30,000 वर येतो, पण देखभाल 20,000 पर्यंत जाते. विमा 8,000, व्याज 16,800, पेट्रोल आणि पार्किंग तेवढंच. महिन्याला 11,000 च्या पुढे. नव्यापेक्षा बरं, पण बसच्या चौपट. काम दूर पीथमपूरला असतं आणि कंपनीची बस नसती, किंवा चौघं जण खर्च वाटून घेणारे असते, तर मी स्वतःच तुमच्याकडे पैसे मागितले असते.

बाबा, हेच आकडे तुमच्या गाडीला मात्र तसेच लावू नका. गाडी अजून घ्यायची आहे तेव्हा घसारा, व्याज, विमा सगळं मोजायचं. गाडी दारात आहेच आणि ती ठेवायचीच आहे, तर आज काढावी की नाही हे ठरवताना पेट्रोल, झीज आणि पार्किंग एवढंच मोजायचं, कारण बाकीचं तसंही जाणारच आहे. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की उत्तर चुकतं.

तुमचं खरं ॲव्हरेज असं काढा: पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, पुढे थेंबभरही टाकू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान 200 किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. ट्रिपमधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. डॅशबोर्डवरच्या काट्यावरून कधी काढू नका. दाल बाजारापर्यंत दोन-अडीच किलोमीटर जाऊन गाडी बंद करता, तेव्हा हे ॲव्हरेज 10 च्या आसपास आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं आणि ऑइल पुरतं तापण्याआधीच प्रवास संपतो. मग ऑइलमध्ये ओलावा साचतो, बॅटरीही पुरती भरत नाही. एवढ्यासाठी ई-रिक्षा बरी. गाडी आठवड्यातून एकदा आईला घेऊन अर्धा तास नीट फिरवून आणा, तेवढं तिला पुरतं. आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून रबराच्या इंधन नळ्या तपासून घ्या. 2012 च्या गाडीत त्या आधीच कडक झालेल्या असणार.

2027 मध्ये तिला 15 वर्षं होतील. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला शासनाची फीच 5,000 आहे, फिटनेस तपासणी आणि त्यासाठीची दुरुस्ती वेगळी. मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालवली तर अपघातात विम्याचा दावाही अडकू शकतो. आरसीवरची नेमकी तारीख आणि विम्याच्या कागदाचा फोटो मला पाठवा. ती गाडी ठेवायची की त्याआधीच विकायची, हे मी त्यावरून मांडून देतो. आई, बाबांकडून हे दोन फोटो या आठवड्यात काढून घे.

तुमचा,
मंदार