चेहऱ्यावरची कायमची खूण विचारल्याशिवाय पुसू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चेहऱ्याचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरने दुरुस्त करण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात या साधनांमुळे छायाचित्रकाराचे किती श्रम वाचतात हे चांगले सांगितले आहे. लग्नसराईत एकेका कार्याचे शेकडो फोटो निवडून, त्यांतल्या प्रत्येक चेहऱ्यावरचा तेलकटपणा आणि फ्लॅशची चकाकी हाताने काढत ज्याने रात्री घालवल्या आहेत, तो या सोयीला नावे ठेवणार नाही. स्टुडिओ चालवणारा म्हणून मीही ही साधने रोज वापरतो. परंतु चेहऱ्यावरचे काय काढावे आणि काय ठेवावे हा निर्णयसुद्धा आपण त्यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत, आणि त्याविषयी लेखात एक अक्षरही नाही, म्हणून हे पत्र.

टचिंग, म्हणजे फोटोतल्या चेहऱ्याची दुरुस्ती, करणाऱ्यांमध्ये एक साधा नियम चालत आलेला आहे. पुटकुळी, दाढी करताना लागलेले पाते, जागरणाने डोळ्यांखाली आलेली काळी छटा, अशा ज्या गोष्टी आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाणार असतात, त्या फोटोतून काढायला हरकत नसते. तीळ, जन्मखूण, जखमेचा व्रण, गोंदण, दातांमधली फट या गोष्टी मात्र त्या माणसाच्या असतात आणि त्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो. हा नियम कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही, तरी तो पाळला जात असे, कारण हातात ब्रश धरलेल्या माणसाला प्रत्येक खुणेपाशी क्षणभर का होईना थांबावे लागत असे. फोटोशॉपमध्ये २००२ साली डाग भरून काढणारा 'हीलिंग ब्रश' आला तेव्हाही ते थांबणे होतेच, कारण कुठे टेकवायचा हे माणूस ठरवत होता. आजचे सॉफ्टवेअर चेहरा स्वतः शोधते, त्वचा, डोळे, ओठ, दात, केस असे त्याचे भाग पाडते आणि ज्या नमुन्यांवर ते शिकलेले आहे त्या नमुन्यांत जे डाग मानले गेले ते सर्व एका फटक्यात काढून टाकते. तीळ राखायचा की घालवायचा असा पर्याय काही साधनांत दिलेला असतो हे खरे. पण पाचशे फोटो एकदम आत घातल्यावर प्रत्येक चेहऱ्यासाठी तो कोण तपासत बसतो?

याचे परिणाम आपल्याकडच्या चेहऱ्यांवर कसे दिसतात ते पाहण्यासारखे आहे. खेड्यातल्या वयस्कर बाईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे हिरवट ठिपके असतात. सॉफ्टवेअरच्या हिशेबी तो त्वचेचा दोष असतो, आणि सफाई कमीजास्त करणारी पडद्यावरची पट्टी थोडी पुढे सरकवली की ते ठिपके अर्धवट विरतात. पूर्ण गेले असते तर निदान लगेच लक्षात तरी आले असते. नवरीच्या मुंडावळ्यांचे सर गालांवरून खाली येतात आणि मोत्यांच्या बारीक सावल्या त्वचेवर पडतात. त्या सावल्या पुसल्या जाऊन मोती गालावर चिकटवल्यासारखे दिसू लागतात. हळदीच्या कार्यक्रमात तर गंमतच होते. त्वचेचा रंग सगळीकडे एकसारखा करण्याची सोय चालू ठेवली, तर ज्या पिवळेपणासाठी तो कार्यक्रम असतो तोच फिका पडतो. ही शेवटची गोष्ट गिऱ्हाईक हसून सोडून देते. गोंदणाची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, कारण ती बाई एक दिवस जग सोडून जाते आणि मागे तो फोटोच उरतो.

त्वचेच्या रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो. गोरेपणाचा सोस यंत्राने आणलेला नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. निगेटिव्हच्या, म्हणजे उजळ आणि काळे उलटे उमटणाऱ्या काचेच्या किंवा फिल्मच्या काळात टचिंग टोकदार पेन्सिलीने होत असे. सुरकुती किंवा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे शिसे भरले की प्रकाश अडतो आणि कागदावर ती जागा उजळ उमटते. म्हणजे पेन्सिलीने चेहरा फक्त उजळता येत होता. गडद करायचे तर निगेटिव्हवरचा थर पात्याने खरवडावा लागे, आणि हात चुकला की निगेटिव्ह गेलीच. त्या कारागिराचा कल उजळण्याकडे असण्याला निदान हे एक कारण होते. संगणकाला तसले बंधन नाही, त्याला दोन्ही दिशा सारख्याच सोप्या आहेत, तरी कल तोच राहिला. २०१७ साली फेसॲप या मोबाइलवरच्या ॲपमध्ये चेहरा आकर्षक करून देणारा एक फिल्टर आला, तो सावळ्या माणसांना गोरे करत असल्याचे लोकांच्या लक्षात आले, आणि शिकवण्यासाठी वापरलेल्या फोटोंमुळे हा पक्षपात झाल्याचे सांगून कंपनीला माफी मागावी लागली. त्यानंतर अशी साधने बरीच सुधारली असतील, पण स्टुडिओत येणारी मागणी सुधारलेली नाही. स्थळांना पाठवायचा मुलीचा फोटो काढून झाला की 'जरा उजळ करा' असे सांगणारी व्यक्ती बहुधा तिचे वडील, मामा किंवा आत्या असते. मुलगी बाजूच्या खुर्चीवर बसलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही. माझे मत असे, की फोटो ज्याचा आहे त्यालाच, सज्ञान असेल तर, संगणकाचा पडदा समोर फिरवून विचारावे आणि तो सांगेल तेवढेच करावे. यामुळे गिऱ्हाईक तुटते असा माझा अनुभव नाही, आणि एखादे तुटले तरी ज्या मुलीला प्रत्यक्ष भेटीत 'फोटोत वेगळीच दिसत होतीस' हे ऐकावे लागते तिच्या मानाने तो तोटा किरकोळ आहे.

खरी काळजी वाटते ती जुन्या फोटोंची. आजोबांचा एकच फोटो घरात आहे, त्याला बुरशी लागली आहे, मधोमध घडी पडली आहे, तो साफ करून मोठा करून द्या, असे काम प्रत्येक स्टुडिओत येते. ओरखडे, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ, फाटलेला कोपरा हे सर्व कागदाचे दोष आहेत. ते काढण्याचे काम नव्या साधनांनी इतके सोपे आणि सफाईदार केले आहे, की त्याबद्दल त्यांचे कौतुकच करावे. पण त्याच बटणाबरोबर चेहराही 'स्पष्ट' होतो, आणि इथे काय घडते हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. समूहफोटोत चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा असेल, तर पापण्या, बुबुळे, ओठांची कड यांची माहिती त्या कागदावर उमटलेलीच नसते. जे नाही ते शोधून काढता येत नाही. सॉफ्टवेअर ते नव्याने रचते, आणि ज्या चेहऱ्यांवर ते शिकले आहे त्यांच्या धर्तीवर रचते. जीएफपी-गॅन हे २०२१ मध्ये आलेले अशा कामाचे एक प्रसिद्ध साधन आहे. ते ज्या संग्रहावर शिकवले गेले त्यात ७०,००० चेहरे असून ते फ्लिकर या संकेतस्थळावरच्या फोटोंमधून जमवलेले आहेत, म्हणजे बहुतेक सगळे डिजिटल जमान्यातले. शंभर वर्षांपूर्वी सांगली-साताऱ्याकडे पागोटे घालून कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसलेल्या माणसाशी त्यांचा कितीसा संबंध? २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या 'पल्स' या साधनाला कोणीतरी बराक ओबामा यांचा अगदी पुसट केलेला फोटो दिला, तेव्हा त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्पष्ट चेहरा बाहेर आला होता. ओबामा कसे दिसतात हे साऱ्या जगाला माहीत असल्यामुळे ती चूक लगेच उघडी पडली. आपल्या पणजोबांच्या बाबतीत ती कोण पकडणार?

यात आणखी एक अडचण आहे. त्या काळच्या पुष्कळ निगेटिव्हना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू फोटोत काळी उमटायची. पणजीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू त्यामुळे काळ्या डागासारखे दिसते. यंत्र ते कधी पुसते, कधी त्याचा तीळ करते आणि कधी आजच्या पद्धतीची छोटी काळी टिकली करते. फोटो रंगीत करताना लुगड्याला जो रंग दिला जातो तोही अंदाजच असतो, कारण हिरवा आणि किरमिजी कृष्णधवल फोटोत सारख्याच करड्या छटेचे असू शकतात. देवी या रोगाच्या व्रणांचेही तसेच. १९७५ नंतर आपल्या देशात देवीची साथ उरली नाही, पण त्याआधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी चेहऱ्यांवर ते व्रण होते आणि जुन्या फोटोंत ते नीट पाहिले तर दिसतात. एका रोगाने या प्रदेशात काय केले याची ती घराघरातली नोंद आहे. ती गुळगुळीत करून चौकटीत बसवली की दोन पिढ्यांनी ती कोणाला वाचता येणार नाही. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या फोटोत कागद दुरुस्त करावा आणि चेहरा जसा आहे तसा, पुसट असेल तर पुसटच, राहू द्यावा. घरच्यांनी फारच आग्रह धरला तर नवा चेहरा वेगळ्या प्रतीवर काढून द्यावा आणि त्या प्रतीच्या मागे तसे स्पष्ट लिहावे. मूळ फोटो स्टुडिओतल्या गठ्ठ्यात राहून जातो आणि घरी फक्त चकचकीत प्रत जाते, हा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे.

ओळखपत्रांच्या फोटोबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पासपोर्टसाठीचा फोटो संगणकावर फेरफार केलेला नसावा, हे नियमच सांगतात, आणि पासपोर्टच्या अर्जात शरीरावरची ठळक खूण विचारलेली असते. गालावर तीळ असे अर्जात लिहायचे आणि फोटोत गाल कोरा, असे होता कामा नये. तरीही मोबाइलवरच्या 'पासपोर्ट फोटो' बनवणाऱ्या ॲपमध्ये त्वचा मऊ करण्याची सोय पुष्कळदा आधीपासूनच चालू असते.

परदेशांत याविषयी कायदे झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची शरीरयष्टी बदललेली असेल तर तसे छापावे लागते, आणि नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असल्यास खूण करणे बंधनकारक आहे. पण हे दोन्ही कायदे जाहिरातींसाठी आहेत. घरच्या अल्बमात आणि भिंतीवरच्या तसबिरीत सरकारने डोकावू नये असेच मला वाटते. तिथे स्टुडिओचालकांनी आपण होऊन शिस्त लावून घ्यायला हवी, आणि ती खर्चिक नाही. दुरुस्त केलेल्या फोटोबरोबर न दुरुस्त केलेली फाइलही गिऱ्हाइकाला द्यावी, इतके केले तरी निम्मे काम होते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचे टचिंग केलेले आणि न केलेले असे दोन फोटो शेजारी शेजारी मांडले होते, असे छायाचित्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. लोकांना त्याचे नवल वाटले होते, पण निदान दोन्ही फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

वृत्तपत्रांचाही या प्रश्नाशी थेट संबंध येतो. जयंती-पुण्यतिथीच्या दिवशी समाजमाध्यमांवर थोर व्यक्तींचे रंगीत आणि रेखीव केलेले चेहरे फिरतात आणि त्यांतले काही पुढे छापलेही जातात. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला, डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींबरोबर बसलेल्या आहेत तो फोटो मूळ रूपात उपलब्ध आहे आणि तो पुरेसा बोलका आहे. असा मूळ फोटो मिळत असताना यंत्राने रचलेला चेहरा छापू नये, आणि छापलाच तर तो कशावरून रचला हे चौकटीखाली लिहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती स्वीकारणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनाही एक सूचना देता येईल: घरचे लोक मोबाइलवरचा गुळगुळीत केलेला फोटो घेऊन आले, तर 'यांचा मूळ फोटो आहे का?' एवढे त्यांनी विचारावे. बहुतेकांकडे तो त्याच मोबाइलमध्ये, दोन-चार फोटो मागे असतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक व स्टुडिओचालक, सांगली