गोत्र वेगळं, गोत वेगळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या लग्न ठरवण्याविषयीच्या लेखात ‘गोत्र म्हणजे रक्ताचं नातं, त्यालाच मराठीत गोत म्हणतात’ असं एका वाक्यात उरकलं आहे. शब्द एकाच मुळाचे, हे खरं. सूत्राचं सूत झालं, क्षेत्राचं शेत झालं, तसं गोत्राचं प्राकृतात गोत्त आणि मराठीत गोत झालं. पण पुढे दोघांचे संसार पार वेगळे झाले.

ऋग्वेदात गोत्र म्हणजे गाईंचा गोठा. पाणिनीपर्यंत तो शब्द वंशाला लागलेला दिसतो : ‘अपत्यं पौत्रप्रभृति गोत्रम्’, म्हणजे नातवापासून पुढची संतती. गर्गाचा मुलगा गार्गि, नातू मात्र गार्ग्य. बिचाऱ्या व्याकरणकाराला प्रत्यय कोणता लावायचा एवढीच पंचाईत होती, पत्रिका जुळवायची नव्हती.

आणि रक्ताचंच म्हणाल, तर मामाची मुलगी बघा. आपल्याकडे कित्येक घरांत ती हक्काची सून. सख्ख्या मामाची असूनही गोत्र आड येत नाही, कारण ते बापाकडून चालतं. उलट सात पिढ्यांत ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, अशी दोन घरं भारद्वाज निघाली की चहा निवतो. सगोत्र विवाहाची ही आडकाठी १९४६ सालीच कायद्याने काढून टाकली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा पाहतो ते सपिंड नातं : वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, आणि रूढी असेल तर तिथेही सूट. तुमच्या लेखात याचा उल्लेख हवा होता.

गोत मात्र ऋषीपाशी थांबलं नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतो तेव्हा दांड्याचं गोत म्हणजे अख्खं रान. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, होई आणि खाली पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. सुतार काही पाटलाच्या रक्ताचा नव्हता, महारही नव्हता. तरी निवाड्याला बसले की ते गोत. त्या गोतात उच्चनीच पुरेपूर होतं, ते गोड करून सांगायला नको. पण शब्दाची व्याप्ती होती ती होती.

मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नात संकल्पाच्या वेळी गुरुजींनी विचारलं, “गोत्र?” भावाने माझ्याकडे पाहिलं, मी वडिलांच्या फोटोकडे. गुरुजी हातातली पळी खाली न ठेवता म्हणाले, “काश्यप म्हणा.” ज्याला माहीत नाही त्याने काश्यप म्हणावं, हा जुना संकेत. सोयरीक जुळवताना आम्ही पाहिलं होतं ते देवक : आमचं पंचपल्लव, त्यांचं कळंब. बायोडेटात गोत्राच्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारली होती आणि मुलाकडच्यांनीही तीच मारली होती.

दुपारी पहिली पंगत बसायला लागली, तेव्हा थोरली आत्या मांडवाच्या दारात उभी राहून माणसं मोजत होती. “सगळं गोत आलं का रे?” मी म्हटलं, भाऊबंद सगळे आलेत, पाहुणेही आलेत. ती म्हणाली, “ते दिसतंय मला. पाट करून देणारे सुतारकाका कुठं आहेत? त्यांच्या घरचे आल्याशिवाय वाढू नका.”

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा