रोहनच्या नावापुढचं ‘कॅप्टन’

ठाणे,
रविवार

प्रिय अन्या,
सप्रेम नमस्कार.

रोहनला सीपीएल, म्हणजे पायलटचं लायसन्स, मिळालं याचा किती आनंद झाला ते फोनवर बोललोच. फ्लेक्सचा फोटोही पाहिला. एस.टी. स्टँडसमोर गॉगल लावलेला एवढा मोठा रोहन, खाली मित्रमंडळाचे ओळीनं चेहरे आणि वर लाल अक्षरांत ‘कॅप्टन रोहन यांचे हार्दिक अभिनंदन’. त्यावरून तू विचारलंस, “तू इतकी वर्षं विमानाचा कमांडर आहेस, मग तुझ्या दारावरच्या पाटीवर नुसतं नाव का? आणि आमच्या पोरानं कॅप्टन लावलं तर काही चुकलं का?” तेव्हा मी ड्युटीला निघालो होतो आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखंही नव्हतं. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी रोहनचं. त्याला मिळालंय ते कमर्शियल पायलट लायसन्स. २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएचे, म्हणजे सरकारी विमान वाहतूक खात्याचे, पेपर, क्लास वन मेडिकल, आणि तुमच्या घरानं त्यासाठी काय काय गहाण टाकलं तेही मला माहीत आहे. त्यामुळे कौतुक व्हायलाच हवं, फ्लेक्स लावणाऱ्या पोरांवर रागावू नकोस. पण नोकरी लागली की तो उजव्या सीटवर बसेल, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून. पुढे एकूण किमान १५०० तास, मग एटीपीएल हे वरचं लायसन्स, मग एअरलाइनचं कमांडचं ट्रेनिंग, सिम्युलेटरमधले चेक, आणि हे सगळं पार पडल्यावर कॅप्टनची डावी सीट आणि खांद्यावर चौथी पट्टी. यात वर्षं जातात. म्हणजे आज त्याच्या नावापुढचं कॅप्टन खरं नाही, एवढं सरळ आहे. हे त्याला तू सांगू नकोस, मी सांगतो. बापानं सांगितलं की पोरांना लागतं.

माझं खरं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. उद्या त्याला चौथी पट्टी मिळाली, तरीसुद्धा गावात, बँकेत, लग्नपत्रिकेत त्यानं ते लावू नये असं मला मनापासून वाटतं.

माझ्या लायसन्सवर कुठंही कॅप्टन लिहिलेलं नाही. कॅप्टन हा माझ्या कंपनीनं दिलेला हुद्दा आहे. कायदा ओळखतो तो ‘पायलट-इन-कमांड’, आणि तोही त्या त्या फ्लाइटपुरता. कधी कधी रोस्टरवर दोन कमांडर एकत्र येतात. दोघांच्याही खांद्यावर चार पट्ट्या, पण त्या फ्लाइटचा प्रमुख एकच. दुसरा कितीही सीनियर असो, त्या दिवशी तो उजवीकडे बसतो आणि चेकलिस्ट वाचतो. विमानात कुणी धिंगाणा घातला तर त्याला आवरायचे, गरज पडली तर बांधून ठेवायचे आणि उतरल्यावर पोलिसांच्या हवाली करायचे अधिकार आम्हाला १९६३च्या टोकियो करारानं दिले आहेत. आपल्याकडे त्यावर १९७५ साली कायदा झाला. हे अधिकार कुठून कुठपर्यंत, तेही त्यात लिहिलंय. प्रवासी चढल्यावर विमानाची बाहेरची सगळी दारं बंद झाली की सुरू, आणि प्रवासी उतरवायला त्यातलं एक दार उघडलं की संपले. मला हे फार योग्य वाटतं. दीड-पावणेदोनशे माणसांचा जीव ज्याच्या शब्दावर आहे त्याला पूर्ण अधिकार द्यायचा, आणि ती माणसं सुखरूप उतरायला लागली की परत घ्यायचा.

आता तुमच्या आबांचं बघ. शिपाई म्हणून मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. नाईक, हवालदार, नायब सुभेदार करत सुभेदार मेजर झाले, आणि एका २६ जानेवारीला त्यांचं नाव ऑनररी कॅप्टनच्या यादीत आलं. ते पेढे आपण शाळेत वाटले होते, आठवतंय? अख्खी उमर पलटणीत घालवल्यावर त्यांना जे मिळालं ते रिटायर झाल्यावरही त्यांचंच राहतं, तशी सैन्याची रीतच आहे. घटनेच्या अठराव्या कलमानं सरकारला किताब द्यायची बंदी केली, पण सैनिकी आणि शैक्षणिक मान तेवढे वगळले. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं तर सांगितलं की भारतरत्न आणि पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत. एअरलाइन म्हणजे काही सरकार नव्हे, त्यामुळे आम्हाला कायद्यानं कुणी अडवत नाही. पण ज्या देशात भारतरत्न मिळालेल्या माणसानं नुसत्या नावानं राहावं अशी अपेक्षा आहे, तिथं कंपनीनं दिलेला हुद्दा मी घराच्या दारावर का लावू? आणि तुमच्या एकाच दारावर आबांची पितळी पाटी आणि तिच्याखाली रोहनची ॲक्रिलिकची, दोन्हींवर कॅप्टन, हे मला बघवणार नाही.

डॉक्टरांचं वेगळं. रेल्वेत कुणाला घेरी आली तर डब्यात हाक डॉक्टरांसाठीच मारतात, त्यांचं शिक्षण जाईल तिथं कामाला येतं. जहाजावरच्या कॅप्टनचंही मी समजू शकतो, महिनोन्‌महिने तो तिथंच राहतो. माझ्या हुद्द्याचा जमिनीवर कुणाला काय उपयोग?

इथपर्यंत हा मानपानाचा प्रश्न झाला, आणि तेवढाच असता तर मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. यात माणसं मरतात, अन्या.

८ जानेवारी १९८९ला ब्रिटिश मिडलँडचं एक बोइंग ७३७ लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. वाटेत डाव्या इंजिनातलं एक पातं तुटलं. विमान थरथरायला लागलं, धुराचा वास यायला लागला. पायलटांना वाटलं उजवं इंजिन गेलं, आणि त्यांनी चांगलं चाललेलं उजवं इंजिन बंद केलं. कॅप्टननी माइकवरून प्रवाशांना तसं सांगितलंही, की उजव्या इंजिनात बिघाड झालाय. मागे बसलेल्या प्रवाशांनी डाव्या बाजूला ठिणग्या पाहिल्या होत्या. केबिन क्रूपैकी काहींनीही पाहिल्या होत्या. पण एकानंही पुढं निरोप पाठवला नाही. उतरताना अगदी शेवटच्या टप्प्यात डाव्या इंजिनानंही दम तोडला आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या भरावावर आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ही केस शिकवतात. मला दर वेळी त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा विचार येतो. त्याला दिसत होतं, पण कॅप्टन सांगतोय म्हटल्यावर त्यानं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

आपल्याकडचं मंगळूर तुला आठवत असेल, २२ मे २०१०. दुबईहून आलेलं विमान. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपले होते, हे कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवरून कळलं. विमान जास्त उंचावरून, जास्त वेगात खाली येत होतं. फर्स्ट ऑफिसरनं तीनदा गो-अराउंड म्हटलं, म्हणजे उतरू नका, परत वर चला. ऐकलं गेलं नाही, आणि त्यानं कंट्रोल स्वतःच्या हातात घेतले नाहीत. १५८ माणसं गेली, आठ वाचली. त्या मुलाला काय करायला हवं हे कळत होतं, तो बोललाही होता. बोलण्याच्या पुढची जी एक पायरी होती, तिथं समोरच्या माणसाचा मोठेपणा आडवा आला असेल, असंच मला वाटत आलंय.

आपल्याकडे हा मोठेपणा घरूनच सुरू होतो. सोसायटीचा वॉचमन सलाम ठोकतो, बँकेत मॅनेजर “या कॅप्टनसाहेब” म्हणत उठून उभा राहतो, सत्यनारायणाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. दिवसभर हेच कानावर पडणारा माणूस कॉकपिटमध्ये शिरताना ते बाहेर ठेवून येत नाही. शेजारी पंचवीस वर्षांची पोरगी बसलेली असते, नुकतं ट्रेनिंग संपवून आलेली. तिच्यावर घरचे संस्कार असे की मोठ्यांना उलट बोलू नये. तिनं मला वेळेवर अडवायला हवं असेल, तर मी तिला शक्य तितका साधा माणूस वाटायला हवा. म्हणून प्रत्येक फ्लाइटच्या आधी मी ब्रीफिंगमध्ये सांगतो, की चूक दिसली तर सर-बिर म्हणत बसू नकोस, थेट बोल.

मागच्या पावसाळ्यात मुंबईला उतरत होतो. हजार फुटांवर सगळं जागच्या जागी होतं. चारशेच्या आसपास वारा एकदम फिरला, वेग उसळला, वायपर फटाफट चालू होते आणि समोर धावपट्टीचे दिवे पाण्यात विरघळल्यासारखे दिसत होते. मी वेग सावरायला लागलो तेवढ्यात उजवीकडून माझ्या फर्स्ट ऑफिसर मुलीचा आवाज आला, “गो-अराउंड!” स्वच्छ, मोठ्यानं, मागे-पुढे एकही शब्द नाही. मी इंजिनांचा जोर वाढवायला थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले आणि वर निघालो. अशा वेळी वाद घालायचा नसतो, आधी वर जायचं. पुन्हा फेरी मारून नीट उतरलो. खाली आल्यावर मी तिचा हात हातात घेऊन तिला शाबासकी दिली. तिची बोटं थंड पडली होती. तेवढं एक वाक्य बोलायला तिला किती बळ लागलं असेल! तिला लागणारं बळ कमी करणं माझ्या हातात आहे, आणि ते काम कॉकपिटच्या बाहेरच जास्त होतं.

कॅप्टन लावायचंच नाही असं मात्र मी म्हणत नाही. माइकवरून प्रवाशांशी बोलताना मी ते लावतो, निर्णय कुणाचा आहे हे त्यांना कळायला हवं. विमानांबद्दल कुठं भाषण दिलं, लेख लिहिला, तर तिथंही चालेल. आणि बायकांच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली कोलकाता–सिलचर फ्लाइट नेली, फॉकर फ्रेंडशिप, कमांडरपासून सगळा क्रू बायकांचा. तेव्हापासून आजवर कितीतरी जणी कमांडर झाल्या, तरी टर्मिनलवर चार पट्ट्या लावून उभ्या असलेल्या बाईला एअर होस्टेस समजून पाणी मागणारे लोक मी स्वतः पाहिलेत. अशा माझ्या सहकारी नावापुढे आग्रहानं कॅप्टन लावतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. मला जे न मागता मिळतं, ते त्यांना अजून रोज सिद्ध करावं लागतं.

रोहनला दिवाळीच्या सुट्टीत इकडे पाठव. येताना लॉगबुक आणि सगळी कागदपत्रं घेऊन ये म्हणावं. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एकेका जातीचं विमान चालवायच्या परवान्यासाठी, कुठल्याही एजंटला एक रुपयाही देऊ नका, आधी कुठली एअरलाइन कुठल्या विमानासाठी भरती करतेय ते मी बघतो. एटीपीएलचे पेपर वाचलेलं डोक्यात ताजं आहे तोवरच काढून टाकले तर बरं. आणि इन्स्टाग्रामवर त्यानं नावापुढे कॅप्टन टाकलंय ते मी पाहिलं. आल्यावर मी स्वतः त्याच्याशी बोलेन, तोवर तू विषय काढू नकोस.

वहिनींना नमस्कार. आबांच्या गुडघ्याचं काय ठरलं, ऑपरेशन करायचंय की गोळ्यांवर भागवायचंय? कमांड हॉस्पिटलला दाखवणार असाल तर एक दिवस आधी कळव, पुण्यात माझ्या बहिणीकडे सगळ्यांची राहायची सोय होईल.

तुझा,
विज्या